वाचकांचे प्रश्न : रागाचं पहिलं मिनिट

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर चादरी विणतो. धागा तुटून माग थांबला की माझं डोकं फिरतं. हाताखालच्या पोराला शिव्या देतो, परवा तर कानफटात दिली. नंतर जीव कासावीस होतो, नमाजेत माफी मागतो, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. राग येणंच गुनाह आहे का?

उत्तर : राग येणं गुनाह नाही, भाऊ. रागात जीभ आणि हात काय करतात, त्याचा हिशोब होतो. कुरआनात (सूरह आले-इमरान, आयत 134) नेक माणसांना ‘काजिमीन’ म्हटलंय, म्हणजे राग गिळणारे. काठोकाठ भरलेल्या पखालीचं तोंड आवळून बांधणं, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पखाल रिकामी नसते, पाणी आतच असतं, फक्त तोंड सुटू द्यायचं नाही. तोंड एकदा सुटलं की मग आवरत नाही, म्हणून सगळी मेहनत पहिल्या मिनिटात.

तुमच्या कामात एक अडचण जास्तीची आहे. मागाच्या खडखडाटात साधं बोलणंही ओरडूनच करावं लागतं, आणि ओरडता ओरडता राग चढतो. म्हणून पहिला उपाय गप्प बसण्याचा. ‘तुमच्यापैकी कुणाला राग आला तर त्याने गप्प राहावं,’ अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, मुसनद अहमद या हदीसग्रंथात आहे. पोराला काही सांगायचंच असेल तर हाताने खूण करा. मनातल्या मनात ‘अऊजु बिल्लाहि मिनश्शैतानिर्रजीम’ (धुत्कारलेल्या सैतानापासून मी अल्लाहचा आसरा मागतो) म्हणा. ते मोठ्याने, समोरच्याच्या तोंडावर म्हणू नका. त्याला वाटतं, आपल्यालाच सैतान म्हटलं, आणि भांडण वाढतं.

दुसरा उपाय बसण्याचा. अबू दाऊद या हदीसग्रंथातली हदीस आहे : उभा असशील तर बस, तरीही राग गेला नाही तर आडवा हो. जुन्या भाष्यकारांनी याचं कारण अगदी सरळ दिलंय. उभ्या माणसाचा हात मारायला तयार असतो, बसलेल्याचा तेवढा नसतो, आडव्याचा तर नाहीच. पण चालू मागाजवळ बसू नका, कपडा अडकेल. शेजारचे माग चालूच असतात, तेव्हा आधी दोन पावलं मागे सरा, मग भिंतीकडे जाऊन बसा. पोर हाताच्या अंतरावर राहिलं नाही, यातच अर्धं काम झालं.

तिसरा उपाय वजूचा, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुतात त्याचा. राग सैतानाकडून, सैतान आगीचा आणि आग पाण्याने विझते, ही हदीसही अबू दाऊदमध्ये आहे. तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) काही मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या जाणकारांनी, कमजोर मानली आहे, पण वजू तसाही सवाबाचाच (पुण्याचाच). हात, तोंड, कोपरापर्यंत बाह्या, डोक्यावर मसह (ओला हात फिरवणं), पाय, असं सगळं नीट करा. घाईत तोंडावर दोन शिंतोडे मारले तर त्याने राग थांबत नाही. नळाला पाणी नसेल तर तांब्याभर पाणीही पुरतं.

आता त्या पोराचं. नमाजेत मागितलेल्या माफीने त्याचा हक्क फिटत नाही, तो बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क आहे. मुस्लिम शरीफ या हदीसग्रंथात पैगंबरांचे साथी हजरत अबू मसऊद (रजि.) यांची हकीकत आहे. ते गुलामाला चाबकाने मारत होते. मागून हाक आली, पण रागाच्या भरात आवाज कुणाचा तेच त्यांना ओळखू येईना. जवळ आले तेव्हा कळलं, पैगंबर (स.) होते. ‘अबू मसऊद, तुझी याच्यावर जेवढी सत्ता आहे, त्याहून जास्त अल्लाहची तुझ्यावर आहे.’ त्यांनी तिथल्या तिथे त्या गुलामाला आजाद केलं. तुम्ही त्या पोराची माफी मागा, आणि ज्यांच्या देखत मारलं त्यांच्या देखत मागा. ‘चुकलं माझं’ एवढंच म्हणा. ‘पण तूही धागा नीट बघत नव्हतास’ हे त्याला जोडलंत तर ती माफी राहत नाही.

प्रश्न : रमजानमध्ये इफ्तारच्या आधी विजापूर वेशीत गर्दीत धक्का लागला, माझी शिवीगाळ झाली. रोजा तुटला का?

उत्तर : रोजा तुटला नाही, कजा (बदली रोजा) नाही. पण सवाब गेला असं समजा, आणि ज्याला शिवी दिली तो भेटला तर माफी मागा. बुखारी शरीफ या हदीसग्रंथात सांगितलंय, कुणी भांडायला आलं तर ‘मी रोज्यात आहे’ म्हणा. हे स्वतःला बजावण्यासाठीही आहे. शेवटच्या तासात भूक आणि तहान टोकाला असते, तेव्हा खरेदी असरच्या (दुपारनंतरच्या नमाजेच्या) आधी उरकलेली बरी.

प्रश्न : रागाच्या भरात मी ‘अल्लाहची कसम, सख्ख्या बहिणीच्या घरात पाऊल ठेवणार नाही’ म्हणाले. वर पोरांची कसमही घातली. आता तिच्या घरी शादी आहे. जाऊ का?

उत्तर : जरूर जा, आपा. नाती तोडणारा जन्नतमध्ये जाणार नाही, अशी हदीस आहे. आणि एखाद्या गोष्टीची कसम खाल्ल्यावर दुसरी गोष्ट जास्त चांगली दिसली तर चांगली ती करावी आणि कसमचा कफ्फारा (मोडल्याची भरपाई) द्यावा, असाही साफ हुकूम आहे. रागात घातली म्हणून कसम माफ होत नाही. तोंडातून ठरवून निघाली की ती लागू.

पोरांच्या कसमचा कफ्फारा नाही. अल्लाहशिवाय कुणाची कसम खाणंच मना आहे, त्यासाठी तौबा करा. अल्लाहच्या कसमचा कफ्फारा सूरह माइदाच्या आयत 89 मध्ये आहे : दहा गरिबांना तुम्ही घरी खाता तसं मध्यम प्रतीचं जेवण, किंवा दहा जणांना कपडे. हनफी पद्धतीत (सुन्नी धर्मनियमांची एक परंपरा) त्याच दहा जणांना दोन वेळा पोटभर जेवू घालायचं. जेवणाऐवजी प्रत्येकाला सदक-ए-फित्रएवढं (रमजान ईदच्या दानाएवढं) धान्य, म्हणजे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा तेवढी किंमत, दिली तरी चालते. एकाच गरिबाला एकाच दिवशी दहा जणांचं देऊन टाकलं तर ते एकाचंच धरलं जातं; मात्र त्यालाच दहा दिवस रोज दिलं तर चालतं.

इथे बऱ्याच जणी चुकतात : पैसे हाताशी असूनही थेट तीन रोजे धरतात. रोजे फक्त ज्याला खाऊ घालणं किंवा कपडे देणं परवडत नाही त्याच्यासाठी आहेत, आणि हनफी मतानुसार ते सलग हवेत. मध्ये एक सुटला तर पहिल्यापासून. कफ्फाराही आधी नाही. आधी बहिणीच्या घरी जा, कसम मोडू द्या, मग कफ्फारा द्या. शादीची वाट बघत बसू नका, त्याआधीच एकदा जाऊन या. तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला जायज नाही, आणि दोघींत जी आधी सलाम करेल ती बेहतर.