दुसऱ्या उपग्रहाची दुरुस्ती करायला जाणाऱ्या यानांना रेडिओ फ्रिक्वेन्सीचा परवाना मिळणं इतकं किचकट का?

ही यानं फारसा डेटा पाठवत नाहीत, मग एवढी कटकट कशाला, हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डेटा कमीच असतो. पण या यानांना कायमचा पत्ता नसतो.

पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, म्हणजे भूस्थिर उपग्रहाची नोंद आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे करताना तो कोणत्या रेखांशावर राहणार हे सांगावं लागतं. शेजारी कोण आणि त्यांना व्यत्यय किती, याचं गणित त्यावरूनच मांडलं जातं. दुरुस्तीचं यान मात्र फिरतीवर. एमईव्ही-१ या अशाच यानाने २५ फेब्रुवारी २०२० रोजी इंटेलसॅट ९०१ या दळणवळण उपग्रहाला भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३०० किलोमीटर वर गाठून पकडलं, त्याला खाली कामावर आणलं आणि २०२५ मध्ये पुन्हा वर नेऊन सोडून दिलं. असं यान सरकताना ज्याच्या ज्याच्या दारावरून जातं, त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलू लागलं तर पंचाईत. शिवाय पुढचं गिऱ्हाईक कोण हे ठाऊक नसताना त्याच्या शेजाऱ्यांशी समन्वय आधीच कसा करणार?

दुसरा घोळ व्याख्येचा. यानाची खबरबात घेणं, त्याला आज्ञा देणं हे ‘अवकाश संचालन’मध्ये मोडतं, त्यासाठीचे २०२५–२११० आणि २२००–२२९० मेगाहर्ट्झ हे पट्टे आधीच गजबजलेले. जोडणीच्या वेळचा कॅमेऱ्याचा व्हिडिओ कशात धरायचा? मी तो संचालनातच धरेन, कारण त्याशिवाय चालक आंधळा.

माझ्या मते परवाना जागेपेक्षा वेळेवर बेतावा. जास्त बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा रुंद पट्टा, लागते ती जोडणीच्या काही तासांपुरती. तेवढ्यापुरती आसपासच्यांशी बोलणी करून तो मागता येईल. वेळेवर बेतलेला नियम काही नवलाचा नाही: फ्रिक्वेन्सीचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेने २०१९ मध्ये जास्तीत जास्त ३ वर्षांच्या आणि १० पर्यंत उपग्रहांच्या मोहिमांसाठी सुटसुटीत प्रक्रिया मान्य केली होतीच. अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसी हिनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती-जोडणीच्या यानांसाठी वेगळ्या नियमांचा प्रस्ताव मांडला.

आणि किचकटपणाचा एक भाग रेडिओशी संबंधितच नाही. स्वार्म कंपनीच्या चार चिमुकल्या उपग्रहांना एफसीसीने परवानगी नाकारली ती लहरींवरून नव्हे. ते इतके लहान होते की जमिनीवरून त्यांचा माग ठेवता येईल का, हीच शंका होती. कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये ते तरीही सोडले आणि नंतर ९ लाख डॉलर दंड भरला. रेडिओशिवाय कोणाचंच चालत नाही, म्हणून टक्कर, कचरा, सगळे प्रश्न याच खिडकीवर विचारले जातात.