पहिलीतल्या मुलीला कोविडचा बूस्टर द्यावा का? आणि शाळेत मास्कची सक्ती असावी का?

तुमची मुलगी साडेसहा वर्षांची, सांगलीत पहिलीला आहे. वर्गात सर्दी-तापाची साथ आलीय, पालकांच्या ग्रुपवर मास्कवरून दोन तट पडलेत, आणि त्यात कुणीतरी ‘मुलांचा बूस्टर झाला का?’ म्हणून काडी टाकलीय. मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. डॉक्टर नाही, पण हे भांडण मी कोविडपासून ऐकत आलेय.

आधी बूस्टर. सरकारी मोहिमेत १५ ते १८ वयाच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून कोव्हॅक्सिन मिळाली, १२ ते १४ वाल्यांना १६ मार्च २०२२ पासून कोर्बेव्हॅक्स. बाराच्या खाली ती मोहीम आलीच नाही. तिसरा, म्हणजे प्रिकॉशन डोस, तर फक्त अठरा वर्षांपुढच्यांना होता. जिचा पहिलाच डोस नाही तिला बूस्टर कुठला, हे मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यालाच विचारा.

तिचा खरंच राहून गेलेला असू शकेल असा बूस्टर वेगळाच आहे: डीपीटीचा. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यासाठीचा. पहिला बूस्टर दीड वर्षाच्या आसपास असतो, तो सहसा चुकत नाही, कारण तेव्हा आशाताई मागे लागलेल्या असतात. दुसरा पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान. तोवर अंगणवाडी सुटलेली असते, पोर शाळेत जायला लागलेलं असतं, आणि लसीकरणाचं कार्ड कपाटात कपड्यांच्या खाली गेलेलं असतं. दाखल्याच्या वेळी मी कार्ड मागते तेव्हा नेमकी हीच चौकट कोरी दिसते. सात वर्षं पूर्ण झाली की डीपीटी देत नाहीत, त्याऐवजी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस, देतात. म्हणून तुम्ही याच आठवड्यात कार्ड बघा. टीडी पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही असते. सरकारी केंद्रावर हे सगळं फुकट आहे.

आता मास्क. राज्यातली सक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला उठली. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटना कोविडच्या ऐन भरातही सांगत होती. सहा ते अकराच्या मुलांबाबत परिस्थिती आणि मूल बघून ठरवा, असं तिचं म्हणणं. म्हणजे तुमच्या मुलीच्या वयाला सरसकट होय-नाही नाहीच.

वर्गात काय होतं ते मात्र मी सांगू शकते. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा पहिलीतली पोरं खिचडी खाऊन त्याच मास्कला तोंड पुसायची. कार्टूनच्या चित्राच्या मास्कची अदलाबदल चालायची, ती थांबवता थांबवता माझा घसा बसायचा. ‘प’ आणि ‘फ’ शिकवताना ओठ दिसायला लागतात, ते कुणालाच दिसत नव्हते. नीट बसलेला कोरडा मास्क मोठ्या माणसाला उपयोगाचा आहे, यात मला शंका नाही. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडावर तो दिवसभर कोरडा राहत नाही, एवढंच.

म्हणून सक्तीला माझा विरोध. ज्याला खोकला आहे, किंवा ज्याच्या घरी केमोवरचं, डायलिसिसवरचं माणूस आहे, त्याने घालावा, आणि त्याला कुणी चिडवणार नाही ही बाईंची जबाबदारी. वर्गाच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या असाव्यात. (आमच्याकडे ऊस पेटवला की काजळी आत येते, तेव्हा तेवढ्या बंद कराव्याच लागतात.)

पालक सभेत बोलायचंच असेल तर शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसाबद्दल बोला. त्या बक्षिसापायी तापाची गोळी देऊन पाठवलेलं पोर दुपारी माझ्या टेबलाशी डोकं टेकून बसतं आणि चार दिवसांत अर्धा बाक आजारी पडतो. ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय मुलाला पाठवू नका, आणि त्या सुट्टीचा हिशेब बक्षिसात धरू नका, एवढं शाळेकडून लेखी घ्या. कार्ड सापडलं नाही, तर लहानपणी डोस जिथे घेतले तिथल्या सिस्टरकडे मुलीची जन्मतारीख घेऊन जा; त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद मिळू शकते.