‘मी खुळा झालोय का?’

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बरेच जण पहिल्या दहा मिनिटांत विचारतात. कुणी सरळ, कुणी ‘आमच्या पाहुण्यातल्या एकाला असं असं होतंय’ म्हणून आडून. कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातून आलेल्या या गृहस्थांनी सरळच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय चाळिशीच्या आतबाहेर, घरी म्हशी, डेअरीला दूध. २०२१ च्या जुलैतल्या महापुरात त्यांचा थोरला भाऊ गेला. गोठ्यात पाणी चढत होतं, दोघं भाऊ म्हशी सोडत होते. दावं भिजून गाठ अशी आवळली होती की सुटेना. हे कोयता आणायला घरात पळाले. परत आले तेव्हा भाऊ जागेवर नव्हता.

माझ्याकडे आले ते दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, बायकोने ओढून आणलं म्हणून. “रातभर मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत्यात,” ती म्हणाली. “पाणी अजून पंधरा फुटांवर बी नसतंय!” पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. यांना ते आकडे झोपू देत नव्हते. पत्र्यावर सर वाजली की छातीत धडधड, हाताला घाम. गोठ्यात दाव्यांऐवजी साखळ्या आल्या होत्या. भावाचा फोटो कपाटात, भिंतीकडे तोंड करून.

पहिल्याच भेटीत मी चूक केली. ‘भावाबद्दल सांगा’ म्हणाले. ते ताडकन उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही माझी घाई झाली.

घरच्यांचं म्हणणं, भावाचं दुःख आहे, काळ हेच औषध. दुःख होतंच. पण दुःखातला माणूस गेलेल्याकडे ओढला जातो. फोटो बघतो, त्याचा शर्ट हुंगतो, रडतो, मग चार दिवस बरा असतो. इथे उलट चाललं होतं. भाऊ आठवायला गेलं की आधी पाणी यायचं, म्हणून हे भावालाच टाळत होते. आघातानंतरच्या तणावाची ही खूण. प्रसंग पुन्हा पुन्हा समोर उभा राहणं, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, सतत सावध राहणं, स्वतःला दोष देणं. घटनेनंतर पहिले काही आठवडे यातलं बरंच काही कुणालाही होऊ शकतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिन्यानंतरही सुरूच राहिलं, कामधंदा अडू लागला, तर नुसता काळ पुरत नाही. त्या आठवणीवर तारीखच पडलेली नसते. मनाला ते दोन वर्षांपूर्वीचं वाटत नाही, आत्ताचं वाटतं.

“म्हंजे खुळा न्हवं?”

“नव्हे. आणि तुमच्यासारखे या जिल्ह्यात तुम्ही एकटे नाही.”

मी समुपदेशक, औषध देऊ शकत नाही. त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. आधी कुणीतरी दिलेल्या झोपेच्या गोळ्या आणि रात्रीची ‘थोडीशी’, दोन्ही त्यांच्या सल्ल्याने हळूहळू सुटलं. जे औषध सुरू झालं त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे घरच्यांना तीनदा सांगावं लागलं. माझ्याकडे आम्ही आधी फक्त श्वास आणि पाय जमिनीवर टेकवणं एवढंच केलं. मग पावसाचा आवाज, मोबाईलवर, हळू. मग दाव्याचा कोरडा तुकडा हातात. ती रात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला ते तयार झाले तेव्हा नववी भेट होती. त्याही दिवशी मध्ये दोनदा थांबले.

‘खर्च किती?’ हाही नेहमीचा प्रश्न. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मरावंसं वाटत असेल तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न बघता लगेच तिथे फोन करा, किंवा जवळच्या दवाखान्यात जा.

कोयत्यापाशी मात्र आम्ही बरेच दिवस अडकलो. ‘मी गेलोच नसतो तर...’ यावर मी काही समजूत घातली नाही. अशी समजूत त्यांनी गावभर ऐकली होती. नुसतं विचारलं, “ती गाठ बांधली कुणी होती?”

ते थांबले. मग हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. “त्यानंच की. त्याची गाठ कुणाच्या बापाला सुटायची न्हाई. आई शिव्या द्यायची त्याला, सुटायला येळ लागतोय म्हणून. एकदा तर लगीनघरात मांडवाची दोरी...” आणि ती मांडवाची गोष्ट सांगता सांगता त्यांचा आवाज फुटला. पाण्याचा उल्लेख एकदाही आला नाही. बाहेर पुढचं जोडपं छत्री निथळत बसलं होतं. त्यांना मी अर्धा तास थांबवून ठेवलं.