'च' म्हणजे दर वेळी 'ओन्ली' नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: लंडनच्या सहकाऱ्याला मेलमध्ये 'आय वर्क फ्रॉम पुणे ओन्ली' असं लिहिलं, तर त्याने उलट विचारलं, "म्हणजे बंगलोरच्या मीटिंगला येणं जमणार नाही का?" वाक्यात व्याकरणाची चूक तर दिसत नाही, मग घोळ कुठे झाला?

घोळ 'च'मुळे झाला. मनात होतं 'मी पुण्यातूनच काम करतो', म्हणजे 'पूर्वीसारखाच पुण्यात आहे, कुठे हललेलो नाही'. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र 'फक्त पुण्यातून, दुसरीकडून नाही' असं दिसलं. तिथे 'आय अ‍ॅम स्टिल बेस्ड इन पुणे' लिहायला हवं होतं.

मराठी 'च' दोन वेगळी कामं करतो. कधी बाकीचं सगळं वगळतो, तर कधी नुसता जोर देतो. 'ओन्ली'ला पहिलं काम येतं, दुसरं नाही. हिंदीत 'ही', गुजरातीत 'ज', तमिळमध्ये 'तान' आहे, त्यामुळे भारतात कुणाशीही बोला, हा शेवटचा 'ओन्ली' बरोबर पोचतो. म्हणूनच चूक वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. आपापसात बोलताना ती चूक म्हणायचंही कारण नाही. बाहेरच्या माणसाला लिहिताना तेवढी काळजी घ्यावी.

ओळखायचं कसं? 'च' काढा आणि त्या शब्दाआधी 'फक्त' घाला. 'मी चहाच घेतो' याचं 'मी फक्त चहा घेतो' होतं आणि अर्थ टिकतो, म्हणून 'आय ड्रिंक ओन्ली टी' बरोबर. 'तूच म्हणालास ना?' याचं 'फक्त तू म्हणालास ना?' करून बघा. अर्थ बदलला, म्हणजे इथे 'ओन्ली' नको. 'यू ओन्ली सेड' ऐकणाऱ्याला 'तू नुसतं म्हणालास, केलं काहीच नाहीस' असंही वाटू शकतं. 'यू सेड इट युअरसेल्फ' किंवा 'यू आर द वन हू सेड इट' म्हणा.

जोर देणाऱ्या 'च'साठी इंग्रजीत एकच शब्द नाही, प्रसंग पाहून सोय करावी लागते. 'इथेच थांब' म्हणजे 'वेट राइट हिअर'. 'मला माहीतच नव्हतं' म्हणजे 'आय हॅड नो आयडिया'. 'मी येणारच' म्हणजे 'आय अ‍ॅम डेफिनेटली कमिंग'. 'तेच तर म्हणतोय मी' याला 'दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट आय अ‍ॅम सेइंग'. ऑफिसात सगळ्यात जास्त चुकतं ते 'आजच पाठवतो'. 'आय विल सेंड इट टुडे ओन्ली' याचा अर्थ 'पाठवीन तर फक्त आज' असा होऊ शकतो. 'टुडे इटसेल्फ'ने गैरसमज होत नाही, पण ते खास भारतीय वाटतं. 'आय विल सेंड इट बाय द एंड ऑफ द डे' हे सरळ. बऱ्याचदा तर काहीच घालावं लागत नाही. बोलताना 'टुडे'वर आवाज चढवला की 'च' आलाच.

वेळेच्या बाबतीत मात्र वरची 'फक्त'ची चाचणी फसते. 'ही ओन्ली केम येस्टर्डे' हे अस्सल इंग्रजी आहे, आणि त्याचा अर्थ 'तो फक्त काल आला' असा नाही. तो आहे 'तो कालच तर आलाय' किंवा 'काल कुठे आलाय तो'. हा आपला 'कुठे' इथे अगदी चपखल बसतो. 'आत्ता कुठे पाच वाजताहेत' म्हणजे 'इट्स ओन्ली फाइव्ह'. 'मला सोमवारी कुठे कळलं' म्हणजे 'आय ओन्ली फाउंड आउट ऑन मंडे'. तेव्हा वेळेचा शब्द असेल तर 'फक्त'ऐवजी 'कुठे' घालून बघा. बसला तर 'ओन्ली' खुशाल वापरा.

मग 'ओन्ली' शेवटी येतच नाही का? येतो, पण 'फक्त' या अर्थाने. 'लेडीज ओन्ली', 'स्टाफ ओन्ली', 'बाय अपॉइंटमेंट ओन्ली' या पाट्या बरोबर आहेत. चेकवर 'रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली' लिहितो ते तर मुद्दाम: मागे 'नाइन हंड्रेड' जोडायला कुणाला वाव राहू नये म्हणून. पावतीवर 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त' असतं, तेच हे.

आता वाक्यात जागा कोणती? 'द मॅनेजर अप्रूव्ह्ड द लीव्ह ऑन फ्रायडे' हे वाक्य घ्या. सुरुवातीला 'ओन्ली' लावला तर मंजुरी एकट्या मॅनेजरने दिली, इतर कुणी नाही. 'द लीव्ह'च्या आधी लावला तर रजा तेवढी मंजूर झाली, बाकीच्या मागण्या नाहीत. 'ऑन फ्रायडे'च्या आधी लावला तर शुक्रवारपर्यंत ताटकळत ठेवलं. आणि क्रियापदाच्या आधी, म्हणजे 'ओन्ली अप्रूव्ह्ड' केलं, तर यातला क्रियापदापुढचा कुठलाही अर्थ निघू शकतो. इंग्रज बोलताना मात्र सर्रास हीच जागा घेतो आणि कोणत्या शब्दावर आवाज चढतो त्यावरून अर्थ कळतो. ही जागा चूकच, असं म्हणणाऱ्यांना इंग्रजी भाषातज्ज्ञ फाउलरने 1926 सालच्या आपल्या इंग्रजी शब्दवापराच्या कोशात चांगलंच फटकारलं होतं. माझं मत असं: बोलताना क्रियापदाआधी बिनधास्त ठेवा, करार, नियम, सूचना लिहिताना ज्या शब्दाला लागू आहे त्याला चिकटवून ठेवा, कारण कागदावर आवाज चढवता येत नाही. सहायक क्रियापद किंवा 'इज', 'आर', 'वॉज' असेल तर 'ओन्ली' त्याच्यानंतर येतो: 'यू कॅन ओन्ली यूज', 'शी इज ओन्ली टेन'.

'तरच', 'तेव्हाच', 'नंतरच' यांतला 'च' वगळणारा आहे, तिथे 'ओन्ली' हवाच. पण तो वाक्याच्या सुरुवातीला गेला की पुढची रचना प्रश्नासारखी उलटते: 'ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड'. 'ओन्ली देन आय अंडरस्टूड' चूक. उपवाक्य असेल तर उलटापालट मुख्य वाक्यात करायची: 'ओन्ली आफ्टर ही लेफ्ट डिड आय अंडरस्टँड'. पुष्कळ जण 'आफ्टर डिड ही लीव्ह' करून बसतात. आणि 'ओन्ली' कर्त्यालाच लागला असेल तर काहीच उलटत नाही: 'ओन्ली सीमा न्यू'.

शब्दांची अदलाबदल झाली की अर्थ पार बदलतो अशा दोन जोड्या आहेत. 'ओन्ली इफ यू साइन' म्हणजे 'सही केलीत तरच'. 'इफ ओन्ली आय हॅड साइन्ड' म्हणजे 'सही केली असती तर!' ही हळहळ झाली, अट नव्हे. 'अ‍ॅन ओन्ली चाइल्ड' म्हणजे एकुलतं एक. 'ओन्ली अ चाइल्ड' म्हणजे 'लहान आहे हो अजून'. 'ओन्ली टू हॅपी टू हेल्प' वाचून कुणी कमीपणा समजू नये, त्याचा अर्थ 'अगदी आनंदाने' असा आहे.

बारावीच्या मुलांसाठी 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'बद्दल एवढंच: दोन्ही तुकड्यांनंतर एकाच जातीचा शब्द हवा. 'ही नॉट ओन्ली प्लेज क्रिकेट बट ऑल्सो हॉकी' यात एकीकडे क्रियापद, दुसरीकडे नाम आलंय. 'प्लेज' बाहेर काढा: 'ही प्लेज नॉट ओन्ली क्रिकेट बट ऑल्सो हॉकी'. आणि 'नॉट ओन्ली'ने वाक्य सुरू केलंत तर वरचा उलटापालटीचा नियम इथेही लागतो: 'नॉट ओन्ली डज ही प्ले क्रिकेट'. 'डज' आल्यावर 'प्ले'चा 'प्लेज' करू नका.