इव्हिनिंग आणि मॉर्निंगच्या मधली रात्र

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

रुग्णालयातली इव्हिनिंग ड्युटी संपवून दुसऱ्या दिवशी लगेच मॉर्निंग घेतली की पुढे दोन दिवस सुट्टी जोडून मिळते, म्हणून तू ही अदलाबदल स्वतःहून मागून घेतेस, असे तुझ्या पत्रावरून कळले. गावी जाण्याची तुझी ओढ मला समजते. तरीही ही अदलाबदल घेऊ नकोस, असे मी आग्रहाने सांगते.

ड्युटीच्या यादीत रात्री ९ ते सकाळी ७ हे १० तास विश्रांतीचे दिसतात. प्रत्यक्षात ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवून, आणि नोंदी पूर्ण करून वॉर्डाबाहेर पडायला साडेनऊ होतात, लोकलने घरी पोहोचायला पावणेअकरा. मग जेवण, अंघोळ आणि डोक्यातून न हटणारा शेवटचा अत्यवस्थ रुग्ण यांत बारा वाजून जातात आणि पाचला उठावेच लागते. १० तासांतले जेमतेम ५ तास झोपेच्या वाट्याला येतात, आणि गजर ऐकू येणार नाही या धास्तीने तेही निवांत जात नाहीत. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. त्यामुळे लवकर उठणाऱ्याची मुख्यतः ही दुसरी झोप हिरावली जाते.

रात्रपाळी नाही म्हणजे त्रास नाही, असा आपल्याकडे समज आहे. नॉर्वेतील परिचारिकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या संशोधकांनी दोन पाळ्यांमध्ये ११ तासांपेक्षा कमी अंतर असलेल्या ड्युट्यांचा वेगळा विचार केला, तेव्हा त्यांचा संबंध निद्रानाशाशी, विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याशी आणि आजारपणाच्या रजांशी आढळला. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात २४ तासांत सलग ११ तासांची विश्रांती ही किमान मर्यादा मानली आहे, आणि मला तीही अपुरी वाटते, कारण प्रवासाचा वेळ त्यातूनच जातो.

माझ्या बाबतीत घडलेले सांगते. अशाच एका मॉर्निंगला मी २० युनिट इन्सुलिन भरत होते. व्हायल, म्हणजे औषधाची कुपी, दर मिलिलिटरला १०० युनिटची होती आणि हातातली सिरिंज दर मिलिलिटरला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. त्या सिरिंजच्या २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या शरीरात ५० युनिट जातात. हा हिशेब मी विद्यार्थिनींना शिकवत असे, आणि त्या सकाळी तो माझ्या ध्यानातही आला नाही. शेजारी उभ्या असलेल्या सहकारी सिस्टरने माझा हात धरला, म्हणून ते इन्सुलिन रुग्णापर्यंत पोहोचले नाही. झोप अपुरी असताना आपण चुकतो आहोत हे आपल्यालाच जाणवत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

नाइलाजाने अशी ड्युटी आलीच, तर संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी घेऊ नकोस, कारण शरीरातले निम्मे कॅफीन उतरायलाच साधारण ५ तास लागतात. जेवण ड्युटीवरच उरकून घे आणि घरी गेल्यावर मोबाइल बाजूला ठेव. सकाळी इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांची मात्रा दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेतल्याशिवाय देऊ नकोस. त्यात कमीपणा मुळीच नाही. मॉर्निंग संपल्यावर दुचाकी चालवू नकोस.

खरा उपाय मात्र यादीतच आहे. मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट आणि त्यानंतर ऑफ, असा क्रम पुढे सरकणारा असला की दोन ड्युट्यांमधले अंतर आपोआप वाढते. महिनाभर एका वहीत घरी पोहोचल्याची, झोपल्याची आणि उठल्याची वेळ लिही, आणि पुढच्या महिन्याची यादी लागण्यापूर्वी ती वही घेऊन परिसेविकांना, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरना, भेट. त्याही याच पाळ्यांतून वर आल्या आहेत. नुसत्या तक्रारीपेक्षा लिहिलेले तास त्यांना अधिसेविकांपुढे (मेट्रनपुढे) मांडता येतील. गावी जाण्यासाठी किरकोळ रजेचा अर्ज कर.

वहीतला पहिला आठवडा भरला की मला कळव.

तुझी,
निवृत्त परिसेविका