मॅच हरली की घरात तिघांच्या तीन तऱ्हा

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं आमच्या मानसोपचार आणि हृदयरोग सल्लागारांकडून. पत्रं संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : भारत हरला की माझा 9 वर्षांचा मुलगा हमसून रडतो, जेवत नाही. 20 वर्षांचा दीर रिमोट आपटतो आणि रात्रभर मोबाईल पाहत जागतो. सासरे मात्र टीव्ही बंद करून बैलांना कडबा टाकायला निघून जातात. मॅच एकच, मग असं का? — एक गृहिणी, दारव्हा तालुका

हार एकच असली तरी ती प्रत्येकाच्या आत वेगळ्या जागी लागते, म्हणून.

आधी मुलाचं पाहू. या वयात ‘आपली टीम’ ही भावना नुकतीच घट्ट होत असते, पण मागच्या हारजितीची आठवण गाठीशी नसते. पुढच्या महिन्यात दुसरी मालिका आहे, हे त्याला सांगून कळतं, पण त्यानं धीर येत नाही. त्याच्यासाठी आजची मॅच हीच सगळी. त्याला 10-15 मिनिटं रडू द्या, जवळ बसा, ‘वाईट वाटलं ना?’ एवढंच विचारा. मग ताट वाढा, पण जेवणासाठी मागे लागू नका. भूक लागली की तो जेवेल. ‘पोरीसारखा काय रडतो’ असं कोणी म्हणालं तर मात्र बिघडतं. दुःख तसंच राहतं, फक्त रडण्याऐवजी ते चिडण्यातून बाहेर पडायला शिकतं. आणि मुलं बोलण्यापेक्षा पाहून जास्त शिकतात. काका रिमोट आपटत असेल, तर चार वर्षांनी हाही तेच करेल.

दीराचं वय सगळ्यांत अवघड. भावना उसळवणारा मेंदूचा भाग किशोरवयातच जोरात चालू होतो, पण त्याला लगाम घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. त्यात शिक्षण, नोकरी, लग्न यांतलं काहीच ठरलेलं नसलं की टीम हीच ओळख बनते. अमेरिकेत 1976 साली रॉबर्ट चाल्डिनी यांनी विद्यार्थ्यांच्या बोलण्याचा अभ्यास केला. कॉलेजची टीम जिंकली की मुलं ‘आपण जिंकलो’ म्हणायची, हरली की ‘ते हरले’. असं हळूच बाजूला होणं हा मनाचा बचाव आहे. ज्याची टीमशी गाठ फार पक्की, त्याला हा बचाव जमत नाही.

अपेक्षा किती होती, यावरही बरंच अवलंबून असतं. 2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियानं 359 धावा केल्या, तेव्हा निम्मं दुःख मध्यंतरातच पचलं होतं. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादेतल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोष्ट वेगळी होती. ओळीनं 10 सामने जिंकून आलेली टीम, 240 धावांचा बचाव करताना ऑस्ट्रेलियाची 3 बाद 47 अशी अवस्था, आणि मग ट्रॅव्हिस हेडच्या 137 धावा. हातातला घास गेला. अशी हार तरुणांना फार लागते, कारण तोवर त्यांनी मनात कप उचललेला असतो.

आता सासरे. त्यांना काही वाटत नाही असं समजू नका. वय वाढतं तसं माणूस आपल्या भावना सांभाळायला शिकतो. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टनसन यांचं म्हणणं असं, की पुढे उरलेला काळ थोडा आहे हे जाणवलं की माणूस तो कशावर घालवायचा ते निवडू लागतो. बैलांकडे जाणं ही तीच निवड. शिवाय त्यांनी 1996 च्या विश्वचषकात ईडन गार्डनवर झालेली उपांत्य फेरीची हार पाहिलेली असेल. 2007 च्या मार्चमध्ये बांगलादेशकडून झालेली हार आणि त्याच सप्टेंबरात जिंकलेला टी-20 विश्वचषकही पाहिला असेल. 2011 च्या विश्वचषकात, 12 मार्चला, आपल्या नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भारत 1 बाद 267 वरून 296 मध्ये गारद झाला आणि दक्षिण आफ्रिकेकडून हरला. तीनच आठवड्यांनी, 2 एप्रिलला, कप आपला होता. ज्यानं बोंडअळीत अख्खं कपाशीचं पीक गमावलं आहे, त्याच्याकडे नुकसान मोजायचं मापही मोठं असतं. त्यांना एक विनंती करा : उठून जाण्याआधी नातवाजवळ दहा मिनिटं बसा आणि जामठ्याची ती मॅच त्याला सांगा. ‘पुढच्या वेळी जिंकू’ या कोरड्या वाक्यापेक्षा त्यानं पोराला जास्त बळ येईल.

प्रश्न : मी 22 वर्षांचा. हरल्यावर दोन-तीन दिवस कशात लक्ष लागत नाही. मित्रांशी भांडण होतं. काय करू? — एक वाचक, आर्वी

शेवटचा चेंडू पडला की टीव्ही बंद करा. बक्षीस समारंभ आणि चर्चा पाहू नका. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. 20 मिनिटं भरभर चाला, गावाच्या फाट्यापर्यंत जाऊन या. अंगात चढलेला ताण बसून उतरत नाही, चालल्यानं उतरतो. ग्रुपवर त्या रात्री काहीही टाकू नका. भांडणं तिथंच पेटतात. रात्री दोनपर्यंत त्याच विकेटचे व्हिडिओ पाहिले, तर प्रत्येक वेळी जखम नव्यानं उघडते आणि झोपही जाते. दुसऱ्या दिवशीची निम्मी चिडचिड अपुऱ्या झोपेची असते.

एक प्रयोग करा. हरलेल्या रात्री कागदावर लिहा, ‘हे किती दिवस टोचेल?’ मग दर संध्याकाळी 10 पैकी किती वाईट वाटतं तो आकडा लिहा. फुटबॉलच्या चाहत्यांवरच्या अभ्यासात दिसलं आहे, की निकालाचा परिणाम किती टिकेल याचा अंदाज माणसं वाढवून करतात.

पैसे लावत असाल, तर हे दुःख खेळाचं राहत नाही. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाईन गेम बंद केले आहेत. गावातला सट्टा तर आधीपासूनच बेकायदा आहे. हरलेले पैसे पुढच्या मॅचमध्ये काढू असं वाटू लागलं, की तो व्यसनाचा रस्ता. दोन आठवडे उलटूनही झोप-भूक परत आली नाही किंवा जीव नकोसा वाटला, तर 14416 या टेलि-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन) क्रमांकावर बोला. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रश्न : टीम हरली की नवरा माझ्यावर राग काढतो. कधी हातही उगारतो. — नाव, गाव देत नाही

ताई, याला मॅच कारण नाही, निमित्त आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जिंकण्याची खात्री असलेली टीम हरली की पुरुषांनी घरच्या बाईवर केलेली मारहाण सुमारे 10 टक्के वाढलेली दिसली. अपेक्षित हारीनंतर अशी वाढ नव्हती. म्हणजे आपण जिंकणारच असं वाटणाऱ्या मॅचला धोका जास्त. त्या संध्याकाळी मुलांसह शेजारी किंवा जावेकडे बसा, फोन चार्ज ठेवा. दारू असेल तर वाद टाळून दाराजवळ राहा. तातडीला 112, सल्ल्याला 181. वय वाढलं की तो निवळेल, या आशेवर थांबू नका.

प्रश्न : आबाजी 68 वर्षांचे, अँजिओप्लास्टी झालेली. मॅच पाहू द्यावी का? — सून, वरूड तालुका

पाहू द्या, पण तयारीनं. मन निवलेलं असलं तरी एकदा छाती धडधडली की म्हाताऱ्या शरीराला ती शांत करायला वेळ लागतो. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या घटना 2.66 पट झाल्या. सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत त्या सर्वाधिक होत्या, आणि जवळपास निम्म्या रुग्णांना आधीपासून हृदयविकार होता.

बीपीच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या वेळेवर द्या. ‘मॅच झाली की घेतो’ यातच त्या राहून जातात. खर्रा बंद. तंबाखूतलं निकोटीन ठोके आणि बीपी वाढवतं, आणि शेवटच्या षटकांतच खर्रा जास्त मळला जातो. जेवण हलकं, चहा एकच. दर दहा षटकांनी अंगणात फेरी. सामना अटीतटीचा झाला तर आवाज बंद करा, बराच ताण त्या ओरडण्यानं चढतो.

छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, दम लागणं — यातलं काहीही पाच मिनिटं टिकलं, तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पाजत बसू नका. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल, तर बसवून द्या. उभ्यानं घेतली की बीपी उतरून माणूस पडतो. 108 ला फोन करा. मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका. मधुमेह असेल तर कळ न येता नुसता घाम आणि अशक्तपणाही येतो, तोही तितकाच गंभीर.

प्रश्न : वय 45. पूर्वी हरलो की जेवण जायचं नाही, आता वाटतच नाही. खेळावरचं प्रेम आटलं का? — शिक्षक, हिंगणघाट

नाही. जिंकल्यावर अजून आनंद होतो का, ते पाहा. होत असेल, तर प्रेम शाबूत आहे. मात्र खेळच नव्हे, तर सण, नातेवाईक, जेवण, कशातच रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वडील 70 चे. क्रिकेट हरलं तर हसतात, पण शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) आमची जोडी हरली की दोन दिवस बोलत नाहीत. — तळेगाव दशासर परिसर

इथं ते नुसते प्रेक्षक नाहीत. गोऱ्हे असल्यापासून जोडी वाढवली, खुराक दिला, सराव घेतला. ती हार त्यांच्या हातच्या कामाची आहे. वयानं प्रेक्षकाची हार बोथट होते, कर्त्याची होत नाही. म्हणून ‘जाऊ द्या, खेळच आहे’ म्हणू नका. त्यांच्याशी कामाचं बोला : सुटताना कोणता बैल मागे राहिला, जू बरोबर बसलं होतं का, धुरकऱ्याचा (जोडी हाकणाऱ्याचा) कासरा कुठं ढिला पडला. राग बैलांवर निघू देऊ नका. काठी, तुतारी (टोचायची अणकुचीदार काठी) नियमातही बसत नाही. पटावरून परतल्यावर बैलांना आधी सावलीत फिरवून दम उतरवायचा, मग थोडं थोडं पाणी पाजायचं. हे काम वडिलांनाच करू द्या.