पोटातून शिरणारा विषाणू पाय लुळा कसा पाडतो?

आपला प्रश्न असा आहे की एन्टेरोव्हायरस (आतड्यात वाढणारे विषाणू; पोलिओचा विषाणू त्यांपैकीच एक) जर तोंडावाटे पोटात जातात, तर त्यांच्यामुळे मेंदूचे आणि मज्जारज्जूचे आजार कसे होतात, आणि आपल्या मुलीला पाळणाघरातून हात-पाय-तोंडाचा आजार लागला आहे तर घाबरावे का. घाबरण्याचे कारण बहुधा नाही. पहिल्या भागावर मात्र मी विस्ताराने लिहितो, कारण इंदूरच्या आमच्या घरात त्यावरून कित्येक वर्षे वाद चालू आहे.

या विषाणूंना मेदाचे बाह्य आवरण नसते आणि जठरातील आम्ल त्यांना मारू शकत नाही. पोलिओचा विषाणू प्रथम घशात आणि आतड्यात वाढतो, तेथून लसिकाग्रंथींत आणि मग रक्तात उतरतो. बहुतेकांच्या बाबतीत प्रकरण येथेच मिटते. लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एकालाच कायमचा लुळेपणा येतो. मज्जारज्जूपर्यंत जाण्याचे त्याचे दोन मार्ग मानले जातात: एक थेट रक्तातून, आणि दुसरा स्नायूतून, त्या स्नायूला हलवणाऱ्या चेतातंतूच्या आतून उलट वर. तेथे तो हालचालीच्या चेतापेशी मारतो; स्पर्शाची जाणीव मात्र शाबूत राहते.

१९७४ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला ताप आला. सुईशिवाय ताप उतरायचा नाही, असा हट्ट धरून थोरल्या काकांनी आईला आणि त्याला गल्लीतल्या दवाखान्यात नेले, तेथे कंपाउंडरने कुल्ल्यावर इंजेक्शन दिले आणि दोन दिवसांत भाऊ उजवा पाय टेकेनासा झाला. आईने पोराला घट्ट धरले नाही, म्हणून सुई नसेवर बसली, असा निकाल घरात लागला. आईने तो मुकाट्याने ऐकून घेतला. काका आजही तोच सांगतात.

हा निकाल चुकीचा आहे. कुल्ल्यातली नस (पायाकडे जाणारी चेता, रक्तवाहिनी नव्हे) सुईने दुखावली, तर पाय बहुधा तिथल्या तिथे लुळा पडतो, पावलाला बधिरपणा येतो आणि पाऊल लोंबते. माझ्या भावाच्या पायावर मुंगी चढली तरी त्याला कळते. त्याचे गेले आहेत ते मांडीच्या पुढचे, गुडघा ताठ ठेवणारे स्नायू, आणि त्यांना ती नस जातच नाही. म्हणून तो प्रत्येक पावलाला उजव्या हाताने मांडी मागे रेटत चालतो. (त्याच्या सगळ्या पँटी त्याच जागी आधी विरतात.) हा पोलिओच होता, आणि आईने त्याला कसे धरले होते याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

कंपाउंडर आणि काका मात्र सुटत नाहीत. विषाणू शरीरात असताना स्नायूत इंजेक्शन दिले, तर त्याच अवयवाला लुळेपणा येण्याचा धोका वाढतो, हे ब्रिटनमधील डॉक्टरांनी १९५० च्या सुमारासच नोंदवले होते. दुखावलेल्या स्नायूमुळे चेतातंतूचा मार्ग विषाणूला सुकर होतो, हे पुढे उंदरांवरील प्रयोगांतही दिसले. एकट्या आमच्या भावाबाबत ते सिद्ध करता येणार नाही, हे मान्य आहे.

यावरून कोणी लसीची सुई टाळू नये. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला, आणि हे लसीमुळेच शक्य झाले.

आपल्या मुलीबद्दल एवढेच की हा आजार बहुधा याच गटातील कॉक्सॅकी विषाणूंमुळे होतो आणि आठवडा-दहा दिवसांत बरा होतो. परंतु याच आजाराचा दुसरा विषाणू, एन्टेरोव्हायरस ए ७१, क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभावर घाला घालतो. म्हणून ती झोपेत वारंवार दचकू लागली, सारखी उलट्या करू लागली, तिचा तोल जाऊ लागला किंवा तिला धाप लागली, तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या. हात साबणानेच धुवा. अल्कोहोलचे सॅनिटायझर या विषाणूंवर फारसे चालत नाही. आणि घरातल्या कोणी वडीलधाऱ्याने साध्या तापात सुईचा आग्रह धरला, तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या. काकांसाठी मी ते मोठ्या अक्षरात छापून घेणार आहे.